फोडणीचं माप

“आधी भाजी करा, वैनी. टेप मंग काढतो.”

घरात पाऊल टाकताच आमचे सुतार मिस्त्री हेच म्हणत. लाकूड, सनमायका, भाव, सगळं नंतर. शेगडीशेजारच्या भिंतीवर ते जुनं वर्तमानपत्र चिकटवायचे आणि बैठकीत जाऊन चहा पीत बसायचे. स्वयंपाक आटोपला की कागद उतरवून खिडकीपाशी उजेडात धरायचे. एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरचा चेहरा आठवा, अगदी तसा. तेलाचा शेवटचा थेंब जिथे पोचला, त्याच्या चार बोटं पलीकडे कपाट, अलीकडे स्टीलचा पत्रा. अकोल्यात असा दुसरा सुतार तुम्ही पाहिला असेल तर कळवा, मी सायकल काढून भेटायला येतो.

दिवस वाईट होते. कापसाच्या पडलेल्या भावाने खेडी बुडवली होती, लग्नं पुढे ढकलली जात होती, त्यामुळे दिवाण-आलमारीची कामं बंद. मिस्त्रींचं घर शहरातल्या स्वयंपाकाच्या ओट्यांवर चालायचं आणि ओटे मिळायचे त्यांच्या एका वाक्यावर: “वीस वर्सं झाले, माह्या एकाबी कपाटाले आच लागली नाई.”

मग आमची पाळी आली. माझ्या बायकोचा हात तेलाला सढळ, गॅस कायम मोठा. तिची फोडणी पडली की समोरच्या घरातला माणूस शिंकायचा. पण परका माणूस आपला कागद वाचणार म्हटल्यावर ती एकदम नवी सून झाली. मंद आचेवर, झाकण ठेवून, तिने दुधीची पांढरीफटक भाजी केली. कागद कोरा. मिस्त्रींनी तो उलटासुलटा करून पाहिला. घरात कुणी आजारी आहे का, असं मला हळूच विचारलं. मी पडलो भित्रा. नाही म्हणालो, पण बायकोच्या खऱ्या फोडणीचं सांगितलं नाही. कपाट शेगडीला जवळजवळ खेटूनच बसलं.

पंधरा दिवसांत सनमायका पापडासारखा फुगला.

मिस्त्री ते पाहायला आले, तेव्हा शेजारच्या काकू नेमक्या ओट्याशी हजर. पुढचं काम त्यांच्याकडचं ठरलेलं, आणि काकूंना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. काकूंनी फुगवट्यावर बोट दाबलं.

“काहो मिस्त्री, हे काय?”

मिस्त्रींनी कपाट पाहिलं. शेगडीवरच्या कढईतली लालभडक तर्री पाहिली. मग बायकोकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं, हे मला दिसलं.

“माप चुकलं माहं,” ते म्हणाले.

वीस वर्षांचं वाक्य त्यांनी असं सहज खाली ठेवलं. बायकोचे कान लाल झाले.

“माप नाई चुकलं, काकू. त्या दिवशी मीच खोटी भाजी केली.”

काकूंनी काम मिस्त्रींनाच दिलं. पण त्यांच्याकडे कागद लागला त्या दिवशी त्यांनी इतकी मिरची तळली की गल्ली संध्याकाळपर्यंत खोकत होती. आमच्या कपाटाचं फुगलेलं दार मिस्त्रींनी बदललं, कपाट वीतभर सरकवलं, पत्रा वरपर्यंत नेला आणि जेवायला बसले. रस्सा दोनदा मागून घेतला.

मिस्त्री गेले, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हा आम्ही त्यांच्या घरी भेटायला गेलो. मी बाहेर पुरुषांत बसलो, बायको आत गेली. मिस्त्रींच्या घरवालीने तिला कधी पाहिलं नव्हतं. आमच्या गल्लीचं नाव ऐकताच, बायको नंतर सांगत होती, तिने डोळे पुसले आणि विचारलं, “अच्छा, खोट्या भाजीवाल्या तुमीच का?”

बाहेर आम्ही खाली माना घालून बसलो होतो. आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज आला आणि कुणीही त्यांना गप्प केलं नाही.