परत येऊं, की एकदां पुरे?

तंजावुरात हॉटेलं पुष्कळ होती, पण आमच्या अप्पांच्या मते त्यांचे प्रकार दोनच. एक 'परत येऊं' आणि दुसरा 'एकदां पुरे'. हात धुऊन बाहेर पडताना ते आई आणि माझ्याकडे वळून विचारत, "काय, परत येऊं की एकदां पुरे?" आणि आम्ही तोंड उघडण्याआधीच स्वतः निकाल देऊन मोकळे होत. ते शाळेत गणित शिकवत. उत्तर बरोबर नाहीतर चूक, मधलं काही त्यांना पटत नसे.

स्टेशनासमोरचं हॉटेल 'एकदां पुरे'. तिथल्या सांभारात डाळ शोधावी लागे. मोठ्या देवळाजवळच्या हॉटेलात पोंगल चांगला, पण मिरी इतकी की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. अप्पांनी त्याला तीनदा 'एकदां पुरे' ठरवलं आणि चौथ्यांदा आम्हांला घेऊन तिथेच गेले. निखळ 'परत येऊं' असं एकच, राजवाड्याच्या पूर्वेकडचं कॉफी हॉटेल. दुधात पाण्याचा थेंब नाही, डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, ताजं, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर येणारा वडा कडेने कुरकुरीत. मद्रास राज्यात तेव्हा दारूबंदी होती. अप्पा म्हणत, ज्याला झिंग हवी त्याने इथली दुसरी कॉफी घ्यावी. मी घेऊन पाहिली आहे, त्यांचं म्हणणं खरं होतं.

बायका बरोबर असल्या की फॅमिली रूममध्ये, म्हणजे लाकडी आडोशामागे बसायचं. तिथे आम्ही मनसोक्त बोलायचो, कारण मराठीत बोलायचो. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून तंजावुरात, घरची मराठी तेव्हाचीच, आणि घराबाहेर ती आमची कुलुपाची पेटी होती. वाढप्याला तमिळमध्ये 'फार छान' म्हणायचं आणि त्याच दमात आपसात, "चटणींतलें खोबरें कालचें आहे." तो हसून आणखी चटणी वाढायचा. शेजारच्या टेबलावर कोण कसं खातं, कुणाच्या मिशीला काय लागलंय, सगळ्यावर आमचं मत असे आणि ते आवाज न उतरवता सांगितलं जाई. याच सवयीने माझा घात केला.

मी बी.ए. झाले त्या वर्षी पुण्याहून स्थळ आलं. मुलगा तारखात्यात नोकरीला, कामानिमित्त मद्रासला आलेला. पुण्याहून बरोबर आलेल्या आपल्या आत्याला घेऊन तो तिथून तंजावूरला आला. सकाळी घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मला ते आवडले. आडपडदा कशाला, फार आवडले. कान जरा मोठे होते, पण समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचे, आणि अप्पांच्या घरात वाढलेल्या मुलीला त्याचं अप्रूप वाटणारच. मी म्हटलं, "बसावें, पाणी आणितें." त्यावर आत्याबाई खुदकन हसल्या.

"अगंबाई, हे तर पोथीतलं मराठी."

कौतुकानेच म्हणाल्या असतील. मला मात्र इतकी लाज वाटली की पुढे तासभर मी मानेनेच उत्तरं दिली. शेवटी त्यांनी आईला विचारलंच, "मुलगी मराठी बोलते ना नीट? नाही, पुण्यात राहायचं म्हणजे..." वाक्य अर्धंच सोडलं, पण त्या अर्ध्या वाक्यात माझं लग्न अडकलं होतं.

संध्याकाळच्या गाडीआधी अप्पांनी पाहुण्यांना अर्थातच 'परत येऊं' हॉटेलात नेलं. वाढप्याने आत्याबाईंना विचारलं, "मोर वेणुमा?" मोर हवा का, असं ऐकून त्या पानापासून हातभर मागे सरकल्या. तमिळमध्ये ताकाला मोर म्हणतात, हे अप्पांनी दोनदा समजावल्यावर त्यांनी ताक घेतलं, तेही आधी वाकून पाहून.

मग कॉफी आली. पितळी पेला आणि खाली दबरा, म्हणजे रुंद काठाची वाटी. पेल्यातून दबऱ्यात, दबऱ्यातून पेल्यात अशी उंचावरून ओतून फेस आणायचा आणि मग पेल्याने प्यायची. नवरदेवांनी सगळी कॉफी दबऱ्यात ओतली, बशी धरावी तसा तो दोन्ही हातांनी उचलला आणि फुर्र करून ओढली.

फॅमिली रूम, वाढपी, आणि समोर चुकीचं पिणारा माणूस. माझी जीभ सुटली. आईकडे वळून नेहमीच्या आवाजात मी म्हटलं, "आई, पाहिलेंस? इतकी चांगली कॉफी, अन् मांजरासारखे दबऱ्यांतून पितात. ह्यांस कोणीं शिकविलें नाही वाटतें."

आईने टेबलाखालून चिमटा काढला तेव्हा कुठे मला उमगलं की माणसं पुण्याची आहेत, आमची कुलुपाची पेटी त्यांच्या घरी सताड उघडी असते. अप्पा छताकडे पाहू लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "बोलते की मुलगी," त्या म्हणाल्या. "आणि चांगलं टोचून बोलते. पुण्यात निभेल."

त्यांनी मात्र दबरा शांतपणे खाली ठेवला. "मग कशी प्यायची?"

मी ओतून दाखवली. उंचावरून ओतायच्या नादात अर्धी टेबलावर गेली. त्यांनी ओतली ती अर्धी बाहीवर गेली. वाढप्याने न विचारताच आणखी दोन कॉफ्या आणल्या.

बाहेर पडताना अप्पांनी विचारलं, "काय, परत येऊं की एकदां पुरे?" आणि सवयीप्रमाणे स्वतःच "परत येऊं" म्हणून टाकलं. आत्याबाईंनी मान डोलावली. नवरदेव एवढंच म्हणाले, "मी विचार करून सांगतो." स्टेशनापर्यंत सारा रस्ता मी माझ्या जिभेला शिव्या दिल्या.

गाडी सुटायच्या बेतात ते खिडकीशी आले.

"हॉटेलाचं सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "काय मग, परत येऊं की एकदां पुरे?"

विचारलं अप्पांना, पाहत होते माझ्याकडे. निकाल द्यायला अप्पांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मी माझ्या पोथीतल्या मराठीत म्हटलं, "परत यावें."