घुंगरं गोल करायला गेलो

माझ्या सासऱ्यांचा उत्तम चालणारा कॉम्प्युटर मी एका रविवारी दुपारी, पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पिऊन बंद पाडला. त्या दिवशी वीज गेली नव्हती, उंदरानं वायर कुरतडली नव्हती, की कुणी त्यावर काही सांडलं नव्हतं. जे झालं ते निव्वळ माझ्या ज्ञानामुळे झालं.

हे ज्ञान आलं कुठून तेही सांगतो. मी कोल्हापुरात एका कॉलेजात भूगोल शिकवतो आणि कळंब्याला राहतो. (तलावाच्या बाजूला. तुरुंगाच्या बाजूला नव्हे. लग्न ठरताना सासऱ्यांनी हे दोनदा विचारून घेतलं होतं.) काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या नादानं मी लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली शिकलो आणि नव्यानं योगासनं शिकलेल्या माणसासारखा दिसेल त्याला धरून शिकवायला लागलो. विद्यार्थी मला टाळू लागले. शेजाऱ्यांनी संध्याकाळी गच्चीवर येणं सोडलं. सासऱ्याला मात्र जावई टाळता येत नाही. त्यामुळे हुपरीतला त्यांचा कॉम्प्युटर लिनक्सवर गेला!

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामांचं नाव आण्णाप्पा. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं चांदीचं काम चालतं आणि पैंजणांची नक्षी काढावी तर त्यांनीच. पण चाळीस वर्षं त्यांच्या नक्षी कुठं कुठं विकल्या गेल्या, नाव लागलं ते विकणाऱ्याचं. मामा हे कधी बोलून दाखवत नसत. फक्त कुणाच्या पायात आपली नक्षी दिसली की ते जरा जास्त वेळ खाली बघत. (यावरून एकदा एसटी स्टँडवर गैरसमज होता होता राहिला होता.)

तर कोल्हापुरात कारागिरांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं प्रत्येक नक्षीखाली ती काढणाऱ्याचं नाव लावणार होते. निवडीसाठी चित्रं ईमेलनं पाठवायची होती, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत. मामांनी दोन महिने खपून तयारी केली होती. माझ्या बायकोनं, वर्षानं, त्यांचे जुने कागद स्कॅन करून दिले. ते कागद इतके जुने की स्कॅन होतानाच त्यांचे तुकडे पडले. मग मामांनी कॉम्प्युटरवर माउसनं एकेक रेघ साफ केली आणि प्रत्येक चित्राखाली एका बोटानं आपलं नाव टाइप केलं. आम्हाला त्या दिवशी नुसतं ‘पाठवा’ हे बटण दाबायचं होतं आणि जेवायचं होतं.

पण मामांनी नवी मोठी स्क्रीन आणली होती आणि तिच्यावर सगळं आडवं ताणलेलं दिसत होतं. पैंजणाची घुंगरं अंड्यासारखी झाली होती. मामा म्हणाले, असलं पाठवायचं न्हाय. मी समजावलं की चित्र गोलच आहे, फक्त इथं तसं दिसतंय, तिकडं बरोबर दिसेल. मामांनी माझ्याकडं जुन्या चांदीकडं बघतात तसं बघितलं. जे डोळ्यांना अंडं दिसतंय ते गोल आहे, असं त्यांना चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

इथं वर्षा म्हणाली, “बाबा, ती जुनी स्क्रीन लावून बघा आणि पाठवून टाका.” हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा सल्ला होता, म्हणून मी तो उडवून लावला. सेटिंगमध्ये या स्क्रीनचा आकार नव्हता, पण लिनक्समध्ये आपण एक साधी लिखित फाइल तयार करून मशीनला सांगू शकतो की बाबा रे, स्क्रीन अशी अशी आहे, तसं वाग. अशा फाइली लिहिता येणं हा माझ्या आयुष्यातला एकमेव माज आहे. मी बाह्या सरसावल्या. मामा खुर्ची ओढून शेजारी बसले.

कोरी फाइल उघडली. मी पहिलं अक्षर टाइप करणार, एवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं.

“पावणं, नवीन काय लिवाय घेतलंय न्हवं? वर श्री घाला की.”

आता मामांच्या घरात किराण्याच्या यादीवरसुद्धा श्री असतो. गॅसच्या कार्डावर आहे. नव्या मोबाइलमध्ये त्यांनी पहिला नंबर सेव्ह केला तोही ‘श्री’ या नावानंच. (नंबर माझा आहे. फोन आला की मामी हात जोडतात.) तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शिवाय मला तोड माहीत होती. ओळीच्या सुरुवातीला एक जाळीसारखी फुली टाकली की मशीन ती ओळ सोडून देतं, माणसांनी वाचायची टीप समजून. मी फुली टाकली, पुढं ‘श्री’ लिहिलं आणि मान वळवून कौतुकाची वाट बघितली.

“देवाच्या म्होरं ही फुली कशाची?”

“मामा, फुली असली की मशीन ती ओळ वाचत नाही. सोडून पुढं जातं.”

मामांनी चष्मा नाकावर सरकवून ती फुली न्याहाळली. मग म्हणाले, “म्हंजे देवाचं नाव सोडून कामाला लागायचं. कशाला लिवायचं मग?”

या प्रश्नाला लिनक्सच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. दारात मामी उभ्या होत्या, त्याही माझ्याकडंच बघत होत्या. मी विचार केला, एका फुलीनं काय होतंय? आणि फुली काढली. खाली झोकात बाकीच्या ओळी लिहिल्या, फाइल सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

स्क्रीन काळी झाली. आडवी नाही, उभी नाही, गोल नाही. काळी! वरच्या कोपऱ्यात पांढरी बारीक इंग्रजी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. मामा म्हणाले, “घुंगरं कुठं हाईत?” मी म्हणालो, येतायत. तेव्हा पावणेदोन झाले होते.

पुढचे तीन तास मी जे केलं त्याला आमच्यात दुरुस्ती म्हणतात. काळ्या स्क्रीनवरच ती फाइल उघडली. एका ठिकाणी अवतरणचिन्ह राहिलं होतं, ते घातलं. चालू केलं. काळी. मग शंका म्हणून एक आकडा बदलला. काळी. मग शेवटची ओळ दोनदा लिहून बघितली, एकदा काढून बघितली. अक्षरं पांढरीच आणि स्क्रीन काळीच. दर वेळी मशीन एकच तक्रार करत होतं, पहिल्या ओळीत काहीतरी कळत नाही म्हणून. आणि पहिल्या ओळीत बघावं तर नुसते चौकोन! असल्या काळ्या स्क्रीनला देवनागरी दाखवता येत नाही, तिथं अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, हे मला ठाऊक होतं. इतरांना सांगण्याइतपत ठाऊक होतं. पण तिथं मी काही लिहिलंय हेच मला आठवेना. लग्नपत्रिका तपासताना आपण नावं तपासतो, तारीख तपासतो, वरचा श्री कुठं तपासतो? माझी फाइल माझ्या मते दुसऱ्या ओळीपासून सुरू होत होती.

मग मी त्या चौकोनांचा अर्थ लावला. अर्थ लावायला मला मुळीच वेळ लागत नाही. मी खाकरून जाहीर केलं, “डिस्क खराब झालीय. आत फाइली सडायला लागल्यात. हे चौकोन म्हणजे त्याचंच लक्षण.”

वर्षानं विचारलं, “अहो, चित्रं दुसरीकडं ठेवलीयत ना?” सगळ्या गोष्टी दोन ठिकाणी ठेवाव्यात यावर मी अख्ख्या भावकीला व्याख्यान दिलेलं आहे, दोन ठिकाणी. मामांची चित्रं मात्र एकाच ठिकाणी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला भूगोलसुद्धा आठवेनासा झाला.

मामा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि उठले.

“असू द्या पावणं. नाव काय, एकदा लागंलच की पत्रिकेवर. उत्तरकार्याच्या.”

असं म्हणून ते मोरीत हात धुवायला गेले. मला खरंच रडू यायला लागलं. दोन महिने त्या माणसानं एकेक घुंगरू कोरलं होतं, आणि मी ते घालवलं होतं, कशासाठी, तर मला फाइल लिहिता येते हे दाखवण्यासाठी. मामींनी जेवायला वाढलं. मी नको म्हणालो. कोल्हापूरच्या जावयानं तांबडा रस्सा नको म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मामींनी घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

साडेचार वाजत आले तेव्हा मामा परत येऊन माझ्या मागं उभे राहिले. मी आणखी एक आकडा बदलून मशीन पुन्हा चालू करत होतो. काळ्या स्क्रीनवर तीच तक्रार उमटली. मामांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

“मगाधरनं बघतोय. तुमी बाकीचं सगळं बदलताय, ह्यो एकचा आकडा काय बदलंना. काय म्हणतोय त्यो?”

“पहिली ओळ म्हणतोय, मामा. पहिल्या ओळीत चूक आहे.”

“आमच्यात साखळी अडली की पयली कडी बघत्यात. काय लिवलंय पयल्या वळीत?”

“काही नाही हो,” मी वैतागून म्हणालो, “पहिल्या ओळीत नुसता श्री आहे.”

 मामी बघत होत्या. वर्षा बघत होती. मी माझंच वाक्य परत ऐकत होतो.

मग मी शक्य तितक्या कमी आवाजात सांगितलं की डिस्क ठणठणीत आहे, चित्रंही सगळी जागेवर आहेत, पण त्या श्रीपुढं फुली टाकावी लागेल. मामांनी विचार करायला अर्धं मिनिटही घेतलं नाही.

“घाला की. श्री काढू नका म्हंजे झालं. त्येला वाचाय येत न्हाय त्यात त्येचा काय दोष?”

फुली टाकली, मशीन चालू केलं, आणि स्क्रीन उजळली. घुंगरं आली, आणि गोल आली! पाच वाजायला दहा मिनिटं असताना चित्रं गेली. ‘पाठवा’ हे बटण वर्षानं दाबलं, मला माउसला हात लावू दिला नाही. (ती फाइल नुसती बाजूला सरकवली असती तरी स्क्रीन दोन मिनिटांत परत आली असती. हे मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

मामांच्या तीन नक्षी निवडल्या गेल्या. प्रदर्शनात पाटीवर लिहिलं होतं, ‘नक्षी: आण्णाप्पा, हुपरी’. मामा त्या पाटीसमोर एवढा वेळ उभे राहिले की लोकांना ते राखणदार वाटले. दोघांनी त्यांना पिण्याचं पाणी कुठं आहे हेही विचारलं, आणि मामांनी आनंदानं सांगितलं.

पण त्या रविवारची बातमी हुपरीत फुटलीच. ती फुटली अशी, की जावयाला तीन तास जमलं नाही ते आण्णाप्पांनी एका बोटात दाखवून दिलं. त्यात खोटं काही नसल्यामुळे मला खुलासाही करता येईना. लोक मामांना कॉम्प्युटर दाखवायला बोलावू लागले. मामाही जाऊ लागले, आणि जाताना मला फोन करू लागले.

परवा आम्ही कबनूरला गेलो होतो. मामांच्या ओळखीचे एक यंत्रमागवाले आहेत, त्यांचा कॉम्प्युटर अडला होता. मामा खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि आकडे न्याहाळू लागले. मी शेजारी वाकून, उभ्या उभ्या, ते सांगतील तिथं बोटं चालवत होतो. मालकानं मामांना चहा दिला, माझ्याकडं बघितलं आणि हे कोण म्हणून विचारलं. मामांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“हे व्हय? टायपिंगला आणल्यात.”