लिमात वाजवलेला हॉर्न

लिमामध्ये एका खानावळीसमोर मी गाडी उभी केली, दोनदा हॉर्न वाजवला आणि काच खाली करून दोन बोटं दाखवली. चूक माझीच.

पण बहारीनमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय करणार? हमद टाउनला आमच्या घराजवळ एक कोल्ड स्टोअर आहे, म्हणजे साधं किराणा दुकानच. तिथे गाडीतून उतरायची रीत नाही. दुकानासमोर थांबायचं, हॉर्न द्यायचा, आतून केरळचा दुकानदार येतो आणि दूध, अंडी, पाव खिडकीतून आत देतो. शेजारच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली की दोन करक, म्हणजे तिथले कडक दुधाचे चहा, हजर. उन्हाळ्यात जो उतरून दुकानात शिरतो, तो नवीन व्हिसावर आलेला, असं आम्ही समजतो.

लिमाला आम्ही नवरा-बायको लेकीकडे गेलो होतो. तिच्या कंपनीने तिला वर्षभरासाठी पेरूच्या राजधानीत पाठवलं होतं. जुलैची रजा म्हणून मी सगळे सुती शर्ट भरले. तिथे जुलैत हिवाळा. पाचही दिवस मी लेकीचं गुलाबी जाकीट घालून हिंडलो; बाह्या कोपरापासून चार बोटं पुढे जाऊन थांबत होत्या.

बायकोचं मागणं एकच होतं: सेविचे. ताज्या माशाचे कच्चे तुकडे लिंबाच्या रसात मुरवायचे, वर कांदा, मिरची, बाजूला उकडलेलं रताळं. ती रत्नागिरीची. चुलीवर न चढवता मासा शिजतो म्हणजे काय, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि मग खायचं होतं. सहा महिने ती मोबाइलवर तेवढंच बघत होती. तिथले लोक सकाळचा मासा दुपारीच खातात, त्यामुळे त्या खानावळी चारला बंद होतात. आणि मी रोज चारपर्यंत तिला शहर दाखवत होतो.

पहिल्या दिवशी मोठा चौक, पिवळ्या इमारती आणि त्यांचे कोरीव लाकडी सज्जे. तिथे मी सज्ज्यांचे इतके फोटो काढले की जेवायची वेळ टळली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या चर्चखालचं तळघर, तिथे माणसांची हाडं गोलाकार रचून ठेवलेली. ती म्हणाली, मला काटे बघायचे होते, हाडं नव्हेत. तिसऱ्या दिवशी मातीच्या विटांचा पुरातन ढिगारा. त्याच्याकडे तिने जरा वेळ बघितलं आणि विचारलं, हमद टाउनला आपल्या खिडकीतून हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे ढिगारे रोज फुकट दिसतात, ते काय वाईट होते? चौथा दिवस समुद्रकाठच्या कड्यावर धुकं हटायची वाट बघण्यात गेला. ते हटलं नाही.

पाचवा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. लेक ऑफिसला जाताना म्हणाली, "पपा, प्लीज, डोन्ट ड्राइव्ह हिअर." म्हणून मी तिची जुनी पांढरी गाडी काढली. बायको मागच्या सीटवर बसली. माझ्या शेजारी बसलं की समोरून येणारं सगळं दिसतं, असं तिचं म्हणणं.

रस्ता चुकत चुकत खानावळीशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गाडी लावायला जागा नाही. मग तो हॉर्न, ती दोन बोटं.

खानावळीतून कोणी आलं नाही. फुटपाथवरच्या एक आजी मात्र आल्या. मागचं दार उघडलं, बायकोला सरकायची खूण केली, मांडीवर पिशवी घेतली आणि मला पत्ता सांगितला. लेकीने नंतर समजावलं: तिथे टॅक्सी कुठल्याही रंगाची असते, आणि टॅक्सीवाला गिऱ्हाईक दिसलं की हॉर्न देतो. मला त्या क्षणी एवढंच कळलं की मागे गाड्या खोळंबल्यात. घाबरलो की माझ्या तोंडून अरबी येतं. "मफी टॅक्सी, मफी टॅक्सी," म्हणजे टॅक्सी नाही, टॅक्सी नाही, असं म्हणत मी गाडी पुढे घेतली. आजींनी हाताने सरळ जायला सांगितलं.

आरशात बायकोचा चेहरा बघायची हिंमत नव्हती. चार वाजले. आता ती काही बोलेल म्हणून मी मान आत घेतली. बघतो तर तिने आजींच्या पिशवीत हात घातलेला आणि ती माशाचे कल्ले उचलून पारखत होती. लाल होते. तिने मान डोलावली. आजींनीही डोलावली. त्यानंतर दोघी दोन भाषांत एकदमच बोलू लागल्या, आणि मी त्यांची गल्ली दोनदा चुकलो.

घर आल्यावर आजींनी पर्स उघडली, बायकोने ती मिटवली. मग आजींनी तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. मला कोणी बोलावलं नाही. ड्रायव्हरला कोण बोलावतं?

अर्धा तास मी गुलाबी जाकिटात बसून राहिलो. खिडकीतून सुरीचा आवाज येत होता, मग लिंबाचा वास, मग हसणं. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा, सवयीनेच, हॉर्न वाजवला.

आजी दोन वाट्या घेऊन बाहेर आल्या. मागून बायको, तिच्या हातातही एक. एक वाटी खिडकीतून माझ्या हातात आली. आंबट, तिखट, मासा लोण्यासारखा. पाच दिवसांत मी इतका सुखी झालो नव्हतो. मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? हॉर्न दिला की सगळं गाडीत येतं."

ती खाण्यात दंग होती. आजी मात्र मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या आणि भाषांतर तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं, रताळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मला वाचून दाखवलं: "माणूस बरा दिसतो, पण रस्ता कळत नाही. ड्रायव्हर बदल."

मग आजींना मान हलवून नाही म्हणत ती मराठीतच बोलली, "तीस वर्षं झाली हो याला. आता कोण बदलून देतंय?"