विहीणबाईंची स्वीडिश बाई

माझी मुलगी जर्मनीत कोलोनला पीएचडी करायला गेली आणि तिथल्याच पोराशी लग्न करून बसली. दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलो. मी सातवी नापास टेम्पोवाला, आणि विहीणबाई पियानोवाल्या.

विहीणबाईंनी तेव्हा एकच हट्ट धरला होता. चर्चच्या हॉलमधल्या कार्यक्रमात एका जुन्या स्वीडिश बाईचं संगीत वाजवायचं. पियानो, व्हायोलिन आणि चेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या काळी तिकडे बायकांना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी मिळायची नाही. ही आणि हिचे वडील मागेच लागले, कायदा बदलला तेव्हा थांबले. तिने लिहिलंय केवढं, पण वाजवतं कोण?"

मी तर माझ्या या मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठीसुद्धा दुसरी चक्कर मारली नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी विहीणबाईंच्या शेजारी बसून नोटेशनची पानं उलटणारी मैत्रीण तापाने आडवी. व्हायोलिनवाले आजोबा खूश. "मग नेहमीचंच वाजवू. ते पाठ आहे."

"नाइन," विहीणबाई म्हणाल्या. म्हणजे नाही.

मी हात वर केला. "मी उलटतो की."

"बाबा, तुम्हाला ते वाचता कुठे येतं?"

"उलटायचंच आहे ना? वाचायचं थोडंच आहे!"

विहीणबाईंनी शिकवलं: त्यांनी मान हलवली की मी पान उलटायचं. सोपं होतं.

पण स्टेजवर चेलोवाल्या बाईने असा काही सूर ओढला की मी तिकडेच बघत बसलो. विहीणबाईंनी मान हलवली. मला वाटलं, दाद देतायत. मीही डोलावली. त्यांनी जोरात हलवली, मी त्याहून जोरात. शेवटी त्या दातओठ खाऊन म्हणाल्या, "या! या!"

तिकडे 'या' म्हणजे 'हो', हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण बाईमाणूस चिडून 'या' म्हणालं की आपल्याकडे त्याचा अर्थ 'निघा आता'. बायकोने तीस वर्षं सवय लावलेली. मी उठलो, लोकांना नमस्कार केला आणि चालू पडलो.

संगीत थांबलं. पहिल्या रांगेतून मुलगी ओरडली, "अहो बाबा, 'हो, उलटा' म्हणतायत त्या! बसा!"

हॉल हसत सुटला. आजोबांनी व्हायोलिन खाली केलं आणि वाकून परत नेहमीच्या तुकड्याचं नाव काढलं. विहीणबाई लालबुंद झाल्या होत्या. त्यांनी माझी खुर्ची स्वतः पुढे ओढली, पहिलं पान काढलं आणि म्हणाल्या, "नोख माल." पुन्हा एकदा.

मग मी त्यांच्या हनुवटीवरची नजर काढली नाही, घाटात पुढच्या ट्रकवर ठेवतो तशी. एकदा दोन पानं एकदम गेली. त्यांनी एका हाताने वाजवत दुसऱ्याने एक मागे फिरवलं. थांबल्या नाहीत. स्वीडिश बाई शेवटपर्यंत वाजली.

टाळ्या चालू असतानाच त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या. मुलीने सांगितलं, "तिचंच दुसरं बसवायचंय म्हणतायत, पुढच्या महिन्यात. पानं तुम्हीच उलटायची."

"अगं, माझा व्हिसा संपतोय."

मुलीने तेही सांगितलं. विहीणबाईंनी ऐकलंच नाही. त्या आजोबांना सरावाचा वार विचारत होत्या.