पिठाच्या डब्यातला मोबाइल

नातीचा मोबाइल मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला होता. तेव्हा मी नुकती कुठं साठी ओलांडलेली, अल्लड वय! डबा टिंग टिंग वाजायचा. बॅटरी संपून तो गप्प झाला, तेव्हा मला वाटलं, चोर मेला.

नात आठवीत. आईबाप जालन्याला एमआयडीसीत, ती वडीगोद्रीला माझ्यापाशी. एका संध्याकाळी हळूच म्हणाली होती, "आजी, गेममधी एक जण बोलतो. चांगलाय. पण म्हणतो, घरी सांगू नको." मी म्हणाले, "आण तो मोबाइल इकडं!" तिनं मोबाइल दिला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच तोडलं.

त्याच उन्हाळ्यात एक बाई गावात आली. अनोळखी माणसं मोबाइलवरून लेकरांना गोड बोलून कशी नादी लावतात आणि घरच्यांना ते कसं थांबवता येईल, याचा अभ्यास करायला. अभ्यासाला आलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील, आधी खुर्ची मागतात. ही आम्ही बायका शेवया वळायचो त्या खाटेशी खाली बसायची, स्वतःचा मोबाइल सुपाखाली पालथा सारायची आणि म्हणायची, "हात गुंतले की तोंड मोकळं होतं." तिच्या शेवयांचे गोळे व्हायचे. ते आम्ही चुपचाप कोंबड्यांना टाकायचो.

तिचा सवाल एकच. "पोरगी सांगायला आली, तर तुमचं पहिलं वाक्य काय?"

"थोबाड फोडीन," एक म्हणाली.

"शाळा बंद!" दुसरी.

ती रागवायची नाही. "बरं. मंग ती परत सांगायला येईल?"

शाळेत ती पोरींशीही बोलायची. त्या काय म्हणाल्या, हे मात्र कितीही खोदून विचारा. "ते पोरींचं, आजी."

मी फुशारकीनं तिला डबा उघडून दाखवला. ती पोट धरून हसली. मग हाताचं पीठ झटकत म्हणाली, "त्यातलं काही पुसलं न्हाई, हे बराबर केलं. पोलिसांना दाखवता येतं. पण आजी, मोबाइल इथं ठेवला, पोरगी कुठं ठेवली?"

त्यानंतर मला बसवेना. भाकर तव्यावर, डोळे नातीच्या पाठीवर. ती मैत्रिणीशी कुजबुजली की मी भाकर सोडून दाराशी. शेवटी त्या बाईनं माझी तालीम घेतली. ती झाली नात, मी झाले मी.

"कोण हाय तो मुडदा?"

"नापास."

"तुझे आईबाप तिकडं राबून राह्यले अन् तू..."

"नापास, आजी."

"बस. बरं केलं सांगितलंस."

"पास! आता पुढं गप बसायचं."

हे तर बिलकुल जमण्यासारखं नव्हतं.

शेवया वाळल्या, ती दुसऱ्या गावाला, पिंपळगाव रेणुकाईकडं निघून गेली. मला सूप उचलून खाली तिचा मोबाइल आहे का बघायची खोड लागली. चुलीपासून दार, दारापासून चूल, पाय थांबेनात.

एका दुपारी नात शेजारी येऊन टेकली. "आजी, तो अजून बोलतो. मैत्रिणीच्या मोबाइलवर. आता फोटो मागून राह्यला."

मुडदा जिभेवर आलाच होता. गिळला. "बस. बरं केलं सांगितलंस." आणि ओठ दातांखाली धरून गप बसले.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग खुदकन हसली.

"त्या ताईनं मला बी शिकवलं होतं, आजी. म्हणली, तुझी आजी परत चुकेल. तरी तू परत सांग."