सेंदाईतली दाद

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या माझ्या आवडत्या कॅफेत रेकॉर्ड चालू असताना बोलायला मनाई आहे. दर रविवारी दुपारी तिथे एक जुना अमेरिकन कंट्री अल्बम लागतो. दारूचे गुत्ते, सोडून गेलेल्या बायका आणि काळीज कापणारी स्टील गिटार. एकदा त्या गिटारने अशी मींड घेतली की मी मोठ्याने "क्या बात है" म्हणून गेलो. सगळे वळून बघायला लागले. माफी मी मागितली नाही. गाण्यातल्या सुंदर जागेला गप्प बसणं आमच्या घरात उद्धटपणा समजतात. म्हातारे मालक उठले, तशी मी पिशवी उचलली. त्यांनी मात्र सुई मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा लावला. हल्ली ती जागा येऊन गेली की ते आवाज किंचित कमी करतात, माझी दाद सगळ्यांना ऐकू जावी म्हणून.