तेल्हाऱ्याला जायचं राहिलं होतं

परत आल्यानंतर अमरावतीत पहिले सात-आठ महिने दारावरची बेल वाजली की मी मागच्या खोलीत जायचो. ठरवून नाही. हातातला कप खाली ठेवायचो, दाराजवळच्या माझ्या चपला उचलायचो आणि जायचो. चपला दिसल्या की घरात माणूस आहे हे कळतं. इंग्लंडमध्ये सहा वर्षं हेच केलं होतं. आई दार उघडून बघायची आणि हाक द्यायची, "अरे, गॅसवाला हाये तो. ये बाहीर." तिनं खोदून कधी विचारलं नाही. पण कुणी पाहुणा यायचा असला की ती मला आदल्या दिवशीच सांगून ठेवायची.

मी शिकायला म्हणून गेलो होतो. वर्षभरात ते कॉलेजच बंद पडलं, मग व्हिसा संपला. माझ्यासाठी वडिलांनी अंजनगावचा पानपिंपळीचा मळा विकला होता. त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहायची लाज वाटली म्हणून मी तिथंच राहिलो.

एका खोलीत आम्ही चौघं होतो. त्यातला एक तेल्हाऱ्याचा, कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्या वर्षभर आधी आलेला. त्यानं मला सगळं शिकवलं. बसथांब्यावर फार वेळ उभं राहायचं नाही. कुणाशी भांडायचं नाही. काहीही झालं तरी पळायचं नाही, चालत निघायचं. कामावर आम्ही दोघंही दुसऱ्याच कुणाच्या नावानं होतो. खोलीत मात्र तो मला माझ्या नावानं हाक मारायचा. दिवसभरात ते तेवढंच कानावर पडायचं.

एका रविवारी त्याच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाल्ला, सोडा प्यायला. सोमवारी ताप चढला आणि उजवीकडे हात लावू देईना. "दवाखान्यात नको," एवढंच म्हणत होता. मंगळवारी सकाळी त्याला सरळ उभंही राहता येईना. बाकीच्या दोघांनी बॅगा भरल्या. हा इथं मेला तर पोलीस खोलीवर येतील, असं माझ्या तोंडावर बोलून ते निघून गेले. मलाही जावंसं वाटलं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तरी मी त्याला घेऊन दवाखान्यात निघालो. बसमध्ये तो पुढच्या सीटवर कपाळ टेकवून बसला होता. दवाखान्यात खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं, तर त्यानं स्वतःचं खरं नाव सांगितलं. मग आमच्या खोलीचा पत्ताही सांगितला. बाईनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" तेवढ्यात एका जखमी माणसाला घेऊन दोन पोलीस आत आले. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "आलोच," म्हणालो आणि बाहेर पडलो. पळालो नाही. त्यानं शिकवलं होतं तसा चालत गेलो.

दुपारपर्यंत खोली सोडली, फोनचं कार्ड फेकून दिलं आणि दुसरं शहर गाठलं. तो जगला की नाही, हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं. त्याच्या घरी फोन करून विचारायचं तर सांगणार काय? पुढे कुणाकडून तरी कळलं की त्याचं ऑपरेशन झालं आणि मग त्याला परत पाठवलं. त्यानंतर काही वर्षांनी भीतीलाच कंटाळून मीही कागदपत्रं करून परत आलो.

अमरावतीहून तेल्हारा काही लांब नाही. तरी दोन वर्षं मी गेलो नाही. एकदा कामासाठी अकोल्याला गेलो होतो, तर स्टँडवर समोरच तेल्हाऱ्याची गाडी लागलेली. चढलो. अकोटला उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं. त्या गाडीत वाटली तशी भीती मला तिकडे पोलिसांचीही वाटली नव्हती.

तो अंगणात फवारणीचा पंप धूत बसला होता. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"कवा आला?"

"दोन वर्षं झाले."

"दोन वर्षं," तो म्हणाला. "बस."

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी पाणी घेतलं आणि तिच्यासमोरच बोललो, "मी तुले तितं सोडून गेलो."

त्यानं पंप बाजूला ठेवला. "मले वाटलं, पाणी आणाले गेला. त्या बाईले मी सांगतलं, येते तो. मले आत नेलं तवा मी दाराकडेच पाहून राहिलो होतो. मंग वाटलं, त्या पोलिसायनं तुले धरलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"शुद्धीवर आलो तं पयले तुह्याबद्दलच इचारलं. खरं नाव सांगतलं तुह्यं. चार जणायले सांगतलं. मंग ध्यानात आलं, आपण काय केलं ते. आता याले शोधतीन, माह्यामुळं धरतीन. तुह्या घरी फोन कराची हिंमतच नाही झाली मले."

इतकी वर्षं मी त्याला तोंड दाखवायला भीत होतो आणि तो मला.

"तुमी सांगून पाहा यायले," वहिनी म्हणाल्या. "अजूनबी दवाखान्यात पाय नाही ठेवत. पोरीले ताप आला तं मीच नेतो. हे गेटाबाहीर गाडीवर बसून राह्यते."

"सांगतो," मी म्हणालो. तो हसला नाही.

जेवलो. निघताना तो स्टँडपर्यंत चालत आला, बोंडअळीनं यंदा काय केलं ते सांगत होता. चौकात वाहतूक पोलीस उभा होता. तो बोलायचा थांबला आणि मान खाली घालून चालू लागला. मीही खाली बघून चालू लागलो. पोलीस मागं पडल्यावरही आम्ही तसेच चालत राहिलो. मग त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा कापसाचं सांगायला लागला.